करवलीचं गुंतवळ

लग्नात नवरीच्या केसांकडे कुणी नीट बघत नाही, हे मी इतकी वर्षं कंगवा हातात धरून सांगते. तिच्या डोक्यावर फुलं असतात, दागिने असतात, वरून ओढणी असते. केस किती नि भर किती, ते तिच्या सासूलाही दुसऱ्या दिवशीच कळतं. उघडी पडते ती करवली. नवरीच्या मागे उभी, लोकांकडे पाठ, वाकून ओढणी सावरतेय, आणि वरून दिवे. त्यात केस विरळ असले तर टाळू घासलेल्या ताटासारखी चमकते, आणि मागच्या रांगेतल्या बायका नवरी सोडून तिच्याबद्दल बोलत बसतात.

विरळ केस दाट दाखवायचे म्हणजे जादू नाही. भांग सरळ पाडायचा नाही, नागमोडी पाडायचा. मुळाशी उलटा कंगवा फिरवून केस उभे करायचे आणि वरून एक पातळ थर गुळगुळीत बसवायचा. वेणीचे पेड बोटांनी ओढून सैल करायचे, म्हणजे एकाचे दोन दिसतात. अंबाडा खाली मानेवर घ्यायचा, आणि त्याच्या आत भर घालायची. या भरीवरून माझी निम्म्या बाजाराशी भांडणं आहेत. नायलॉनची तयार उशी मिळते, ती घामाने घसरते. गंगावन मिळतं, ते कुणाच्या डोक्यावरचं ते देव जाणे. माझा नियम एकच, जिचं डोकं तिचंच गुंतवळ. विंचरताना कंगव्यात येणारे केस फेकायचे नाहीत, कापडी पिशवीत साठवायचे. मी ते धुऊन, वाळवून, पिंजून, केसांच्या जाळीत भरून त्याची उशी करते. रंग तोच, जात तीच, डोक्याला परकं वाटत नाही. लोक नाक मुरडतात. मुरडोत. नाचूनही अंबाडा हलत नाही तेव्हा तीच नाकं सरळ होतात.

माझ्या दुकानासमोरच्या गल्लीत तिघी बहिणी राहायच्या. फ्रॉकमध्ये होत्या तेव्हापासून माझ्याकडे यायच्या, मला मावशी म्हणायच्या. मीच त्यांच्या आईला सांगून न्हाणीघराच्या दारामागे तीन खिळे ठोकून घेतले होते आणि तिघींच्या तीन पिशव्या तिथे टांगल्या होत्या. थोरलीचे केस जाड आणि हट्टी, तिच्यासारखेच. मधलीचे कुरळे, एवढे दाट की माझा एक चांगला कंगवा त्यात कामी आला. धाकटीचे सरळ, मऊ, मुळातच बेताचे. मधलीच्या डाव्या कानामागे लहानपणी गरम पाण्याने भाजल्याचा डाग होता, तिथे केस उगवायचेच नाहीत. खुर्चीत बसली की तिचं एकच पालुपद असायचं. "अंबाडा डावीकडे घे ना, मावशी. दिसेल." मी म्हणायचे, "अगं, तुझ्या कानामागे बघायला कुणाला वेळ आहे?" पण घ्यायचे डावीकडे.

गेल्या वर्षी मधली तापाने गेली. साधा ताप म्हणता म्हणता दवाखान्यातून परत आलीच नाही. थोरलीचं लग्न ठरलेलं होतं, ते पुढे ढकललं. त्यांच्या आईचं, म्हणजे वहिनींचं, सगळं चालू होतं. भाजी आणायच्या, हिशेबाचं बोलायच्या, हसायच्यासुद्धा. फक्त बोलताना नजर समोरच्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी असायची, तिथे कुणी येऊन उभं राहील अशी. दोनदा मीच वळून बघितलं होतं.

आणि धाकटीचे केस गळायला लागले. मूठ मूठ जायचे. डाव्या कानामागे तर बटणाएवढी चकती पडली, साफ गुळगुळीत. डॉक्टर म्हणाले, धक्क्याने होतं असं, येतील परत. मी विचारलं, "आईला दाखवलंस?"

"तिला कशाला, मावशी. तिला आधीच पुष्कळ आहे." घरात ओढणी डोक्यावरून घेऊन वावरायची पोर, आणि घरातल्या घरात कुणी विचारलं नाही की उकाड्यात ही ओढणी कशाला.

लग्नाची नवी तारीख ठरली तेव्हा ती माझ्याकडे एकटी आली होती. म्हणाली, "मला एवढंच कर. ताईच्या मागे मी एकटीच करवली आहे. लोक माझ्याकडे बघतात ना, तेव्हा जी गेली तिला शोधत असतात. त्यात हे असं डोकं. त्या दिवशी कुणी बिचारी म्हणायला नको. मी म्हणून दिसले पाहिजे." मला भरून आलं. म्हणून मी तिला ओरडले, की रडतेस काय, पिशवी घेऊन ये.

ती आली ती आईबरोबर. वहिनींनी बसायच्या आधीच टेबलावर पिशवी ठेवली. "हिचं गुंतवळ." धाकटीचा हात तिच्या पर्समध्ये होता, तो तिने तसाच रिकामा बाहेर काढला आणि पर्सची चेन लावून टाकली. मला त्यात वावगं वाटलं नाही. पिशवीतलं गुंतवळ म्हणजे नुसता गोळा असतो. त्यात सरळ केससुद्धा वेटोळं घालून बसतो, बघून काही कळत नाही. मी ते धुतलं, वाळवलं, पिंजलं आणि सुबक उशी करून ठेवली.

मग एका दुपारी आम्ही एकदा सगळं करून बघायचं ठरवलं. वहिनी मागच्या बाकावर बसल्या. मी धाकटीचा भांग वाकडा पाडला, टाळूवरचे केस उभे केले, मानेवर उशी ठेवून तिचे केस तिच्यावर सैल फिरवले आणि आकड्यांनी बरोबर मध्यावर अंबाडा बसवला. माझ्या तोंडून निघून गेलं, "वा." टाळू दिसेना, चकती दिसेना, डोकं भरलेलं, मान लांब. मी फुलं घ्यायला वळले. परत बघते तर अंबाडा डावीकडे.

माझा हात असा चुकत नाही. मी आकडे काढले, पुन्हा मध्यावर बसवला, वर दोन जास्तीचे आकडे खोचले. पाण्याची बाटली उचलून ठेवली तेवढ्यात पुन्हा डावीकडे, कानावर एक बट सोडून. मी मनात म्हटलं, तुझे डोळे गेले, बाई, चष्म्याचा नंबर बघ. तेव्हा धाकटीचा हात हळूच वर आला आणि त्याने डावा कान झाकला.

"डावीकडेच घे ना, मावशी. दिसेल."

माझ्या हातातला कंगवा खाली पडला. आवाज धाकटीचाच होता. पण ते वाक्य तिचं नव्हतं. तो लाडावलेला, नाकातला सूर तिचा नव्हता. मी विचारलं, "काय म्हणालीस?"

ती आरशातून माझ्याकडे बघायला लागली. "मी कुठे काय बोलले?"

मला भुताखेतांचं काही सांगू नका. दिवसभर उभं राहून ज्यांचे पाय सुजतात त्यांना भुतं परवडत नाहीत. पण तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला, हे खरं आहे. आणि त्याहून वाईट पुढे होतं. वहिनी बाकावरून उठल्या होत्या. वर्षभर जी नजर लोकांच्या खांद्यावरून मागे जायची, ती येऊन त्या अंबाड्यावर थांबली होती. त्या जवळ आल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तो कुरवाळला. अगदी हळू, झोपलेल्या बाळाला हात लावावा तसा. धाकटीने डोळे मिटून घेतले. तिच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की मला बघवेना.

"उशी मी घरी नेते," वहिनी म्हणाल्या. "सवय होऊ दे हिला."

त्या गेल्यावर टॉवेल झटकताना त्यावर उशीतला एक केस सापडला. मी तो ओला करून बोटावर ठेवला. ओला केस आपली जात लपवत नाही. सरळ असता तर लोळला असता. हा माझ्या डोळ्यांदेखत वळला, घट्ट, बोटाभोवती. कुणाचा तो मला विचारायची गरज नव्हती. माझा कंगवा मोडलेला होता त्यात.

मी लगेच फोन केला. म्हटलं, "वहिनी, तुम्ही चुकीची पिशवी आणलीत."

त्या म्हणाल्या, "चुकीची नाही आणली, बाई. एकदाच माझ्या तिघी एका जागी उभ्या राहू देत." आणि फोन ठेवला. पोरगी गेलेल्या आईला काय सांगायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

लग्नाच्या सकाळी हॉलच्या मागच्या खोलीत मी आरसा मांडला. इस्त्रीचा वास, खुर्च्यांवर कपड्यांचे ढीग, दारामागे चपलांचा बाजार. थोरलीचं आटोपलं होतं, ती चहा घेत बसली होती. दार उघडलं आणि आरशात मला मधली आत येताना दिसली. डावीकडे भरगच्च अंबाडा, कानावर बट, मान किंचित तिरकी, कान झाकायला धरायची तशी. थोरलीचा कप बशीत खडखड वाजायला लागला. मग ती मुलगी उजेडात आली आणि धाकटी झाली.

"अंबाडा कुणी घातला तुझा?" मी विचारलं.

"आईने. रोज घालते." ती खुर्चीत बसली. "रोज सकाळी मला पुढ्यात बसवते, मावशी. तेवढा वेळ गाणं म्हणते. आणि बयो म्हणते मला."

बयो म्हणजे मधली. धाकटीला त्या घरात कधी कुणी बयो म्हटलं नव्हतं.

"आणि तू ओ देतेस?"

"देते." ती आरशात बघत नव्हती, मांडीकडे बघत होती. "काल ताईने मला माझ्या नावाने हाक मारली. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला मारली."

थोरली उठली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी अंबाड्याला हात लावला. मी केलेली उशी हलकी होती, दाबली की दबायची. ही टणक होती आणि जड. जाळी फुटायला आली होती. मी एक आकडा ओढला, तशी टाळूची कातडी वर आली आणि पोर कळवळली. तिचे स्वतःचे केस जाळीतून आत गेले होते आणि आतले बाहेर आले होते. कुठला कुणाचा ते सुटेना. बाकी डोक्यावर काही उरलंच नव्हतं. त्या उशीने तिला दाट केलं नव्हतं, तिचं होतं नव्हतं तेही ओढून घेतलं होतं. आता कुणी म्हणेल, विंचरून विंचरून केस अडकतातच. अडकतात, मलाही माहीत आहे.

"राहू दे, मावशी," ती म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? मी म्हणून दिसले पाहिजे, हे कोण म्हणालं होतं?"

"हे काढलंस की आई पुन्हा माझ्या मागे बघायला लागेल." ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की माझा राग जागच्या जागी विझला. "वर्षभराने तिने मला हात लावला. तिचं नाव घेऊन लावला तरी लावला तर मलाच ना?"

मी दारात जाऊन वहिनींना हाक मारली. चार बायकांना बाजूला सारून त्या आत आल्या, आधी अंबाड्याकडे बघून हसल्या.

"वहिनी, हे तुम्ही बसवलंत, तुम्हीच काढा."

"आजचा दिवस असू दे, बाई."

"आजच तर फोटो निघणार. त्यात थोरली असेल, मधली असेल. धाकटी नसेल. उद्या हिला कुठे शोधायला जाल? हिची तर पिशवीसुद्धा तुम्ही खिळ्यावरून खाली घेतली नाहीत."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता माझ्या मुस्काटात बसते. बसली असती तर मी खाल्लीही असती. पण त्या पुढे आल्या आणि धाकटीच्या मागे उभ्या राहिल्या. पहिला आकडा त्यांनी काढला, तो लोण्यातून निघावा तसा निघाला. माझ्या हाताला जो हटत नव्हता तोच. एकेक आकडा त्या माझ्या तळहातावर ठेवत गेल्या. मग केस बोटांनी सोडवत सोडवत उशी मोकळी केली, आणि डाव्या कानामागून ती उचलली तेव्हा खालची चकती उघडी पडली. चकती आता बटणाएवढी नव्हती, लहान मुलाच्या तळव्याएवढी होती.

वहिनींचं बोट तिथे थांबलं. ते तिथल्या तिथे फिरत राहिलं.

"हे कधी झालं?"

"ती गेली तेव्हापासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू बघितलं नाहीस, आई." त्यात तक्रार नव्हती.

वहिनी स्टुलावर बसल्या. उशी मांडीवर घेतली आणि जाळीतून सरळ केस एकेक वेचून काढायला लागल्या. "हा हिचा, हाही हिचा," असं पुटपुटत. मला रडू आवरेना, आणि बाहेर कुणीतरी करवली कुठे म्हणून ओरडत होतं. मी म्हटलं, "राहू द्या, वहिनी. ते असे सुटायचे नाहीत." तेव्हा धाकटीने पर्सची चेन उघडली आणि आतून कापडी पिशवी काढली. टम्म फुगलेली. खिळ्यावर मधलीच्या पिशवीला खेटून ती वर्षभर फुगत गेली होती.

"ही माझी," ती म्हणाली. "त्या दिवशीही आणली होती. आईने तिची आधी ठेवली."

धुवायला वेळ नव्हता. मी ते गुंतवळ झटकलं, पिंजलं, नव्या जाळीत भरलं. उरलेले केस उभे करायला एवढे कमी होते की मी श्वास धरून कंगवा चालवला. चकतीवरून एक सैल पेड आडवा घेतला, त्यावर फुलं खोचली, आणि मध्यावर अंबाडा बसवला. लहानसाच झाला. मग मुद्दाम पाठ फिरवून सगळे कंगवे आवरले. वळून बघितलं तर मध्यावरच होता.

वहिनींनी मधलीची उशी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. मग धाकटीचं नाव घेतलं, तिचं स्वतःचं, आणि म्हणाल्या, "चल, ताई खोळंबली आहे." धाकटी लगेच उठली नाही. तिने आधी आरशात बघून घेतलं, हाक नक्की कुणाला मारली ते.

लग्न छान झालं. एका बाईने मला येऊन विचारलंसुद्धा, करवलीचे केस किती दाट आहेत, काय लावते. मी म्हटलं, विचारा तिलाच.

त्यानंतर बरेच महिने ती आली नाही. परवा दुपारी दुकान रिकामं बघून आली आणि तिनेच पडदा ओढून घेतला. चेहरा भरला होता. म्हणाली, "चकती भरतेय, मावशी."

"अगं मग पेढे आण की. आई काय म्हणते?"

"विंचरते अजून. रोज. माझंच नाव घेते." ती हसली, आणि मग हसू गेलं. तिने डोक्यावरची ओढणी काढली. "केस ओला करून बघ."

डाव्या कानामागे बोटभर लांबीचे नवे केस होते, काळेभोर आणि दाट. मी पाण्याचा फवारा मारला. दोघी आरशात बघत राहिलो. एकेक केस माझ्या डोळ्यांदेखत वळला, घट्ट, आणि कानाकडे झुकला.

आजारानंतर केसांची जात बदलते कधी कधी. मी ते तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"आईच्या हाताला लागायच्या आत सरळ करून दे," ती म्हणाली. "वाढले की येत जाईन. तिला सांगू नकोस, मावशी. आता कुठे ती मला विंचरतेय."

मी केस सरळ करायचा चिमटा तापवला आणि ती बट मुळापासून टोकापर्यंत ओढून सरळ केली. सोडल्याबरोबर ती परत वळली.

"पुन्हा कर," धाकटी म्हणाली.